डोलोमाइट पावडर: कुंडीतल्या ॲसिडिक मातीसाठी पैसे घालावेत का?

निकाल आधीच सांगून टाकते, म्हणजे घाईत असाल तर पुढे नाही वाचलं तरी चालेल. डोलोमाइट म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमवाल्या दगडाची भुकटी, मातीतलं ॲसिड मारायला घालतात. पावडर चांगली आहे, काम करते, पण हळू करते. पाकिटावर जे काय लिहिलंय त्यातलं निम्मं सोडून द्या. आणि तुम्ही पुणे, नगर, सोलापूर, संभाजीनगर अशा बाजूला राहत असाल तर बहुतेक तुम्हाला ती लागणारच नाही, घातली तर उलट वाट लागेल. कोकणात, गोव्यात, किंवा मुंबई-बदलापूरकडे लाल माती आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) यांच्यावर बाग चालली असेल तर मात्र वाचा, तुमच्याच कामाचं आहे.

मी रत्नागिरीत राहते, गच्चीवर ग्रो बॅगा आणि कुंड्या मिळून बऱ्यापैकी पसारा आहे. वांगी, मिरची, टोमॅटो, भेंडी, दुधीचा वेल, बाकी जास्वंद, मोगरा वगैरे फुलझाडं. माती म्हणजे आमच्याकडची जांभ्याची लाल माती, त्यात कोकोपीट आणि गांडूळखत, साधारण सारख्या भागात. पहिले दोन सीझन मस्त गेले, मग एका पावसाळ्यानंतर लावलेली रोपं नुसती बसून राहिली. मरत पण नाहीत आणि वाढत पण नाहीत. मिरचीची खालची जुनी पानं शिरा हिरव्या ठेवून मधेमधे पिवळी, टोमॅटोची पानं खालच्या बाजूने जांभळट, भेंडी गुडघ्याएवढी झाली आणि थांबली. गांडूळखत घातलं, शेणखत घातलं, १९-१९-१९ या विद्राव्य रासायनिक खताचं पाणी दिलं, झाड ढिम्म. गच्चीवर येणारा प्रत्येक जण वेगळं खत सांगून जायचा, माती मोजून बघ असं एकानेही सांगितलं नाही. मोजल्यावर कळलं, पीएच ५.१. पीएच म्हणजे माती किती ॲसिडिक ते सांगणारा आकडा, ७ म्हणजे मधोमध, खाली ॲसिडिक, वर अल्कलाइन.

आता ५.१ म्हणजे फार कमी वाटत नाही, सातच्या खाली दोनच आकडे तर आहेत. पण पीएचचं गणित दहाच्या पटीत चालतं, म्हणजे ६ पेक्षा ५ ची माती दहापट ॲसिडिक आणि ७ पेक्षा शंभरपट. भाजीपाल्याला कुंडीत साधारण ६ ते ६.८ लागतो. त्याच्या बराच खाली गेलात की मातीतलं लोह आणि ॲल्युमिनियम फॉस्फरसला घट्ट धरून बसतं, आपण वरून कितीही घाला, मुळांना मिळत नाही. कॅल्शियम-मॅग्नेशियम तर आधीच धुऊन गेलेलं असतं. ५.५ च्या खाली ॲल्युमिनियम स्वतःच पाण्यात उतरायला लागतं आणि मुळांची टोकं मारतं. म्हणून खत असूनही झाड उपाशी.

आमच्याकडे हे होणारच होतं म्हणा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, जांभा मुळातच पावसाने धुऊन तयार झालेला, जे विरघळण्यासारखं होतं ते गेलं आणि लोह-ॲल्युमिनियम मागे राहिलं, म्हणून तर ती लाल दिसते. कुंडीत हेच जास्त वेगाने होतं कारण थोडी माती आणि खाली भोकं. पावसाचं पाणी अगदी स्वच्छ असलं तरी हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून त्याचा पीएच ५.६ च्या आसपास असतो. त्यात आपण युरिया, डीएपी, अमोनियम सल्फेट घालतो, त्यातल्या अमोनियमचं मातीत नायट्रेट होताना ॲसिड सुटतं, अमोनियम सल्फेट तर त्यात सगळ्यात पुढे. कोकोपीट पण ५.५ ते ६.५ मधेच. एवढं सगळं एका बॅगेत एकत्र आल्यावर दुसरं काय होणार.

पावडरीच्या आधी मोजायच्या वस्तूंबद्दल लिहिते, कारण खरे पैसे तिथे वाया जातात. दोन दांड्यांचा तो हिरवा मीटर असतो ना, ओलावा-उजेड-पीएच असं बटण सरकवायचं, बॅटरी लागत नाही, तो घेऊ नका. तो पीएच मोजतच नाही खरं तर, दोन वेगळ्या धातूंमधला अगदी बारीक करंट मोजतो आणि तो करंट माती किती ओली आहे आणि तिच्यात किती क्षार आहेत यावर हलतो. माझ्या शेजारच्या काकूंकडे आहे तो, आम्ही एकाच बॅगेत तीन ठिकाणी खुपसून बघितला, कोरड्या ठिकाणी ७, पाणी घातल्यावर ६.५, आणि गांडूळखत जास्त होतं तिथे अजून वेगळंच काहीतरी. काकू म्हणाल्या, अगं मग माझी माती एकदम बरोबर आहे! आता काय बोलणार. ओलावा बघायला ठीक आहे, पण त्याला बोट पुरतं.

पिवळ्या रंगाचा पेनासारखा डिजिटल मीटर मिळतो तो वापरण्यासारखा आहे, पण एका अटीवर. सोबत छोट्या पुड्या येतात, ४.०० आणि ६.८६ च्या, त्या डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून आधी पेन त्यात बुडवून आकडा जुळवून घ्यायचा. बॉक्समधून काढून थेट मातीच्या पाण्यात घातलात तर आकडा नुसता शोभेचा. टोकाला काचेचा नाजूक गोळा असतो तो सुकू द्यायचा नाही, आणि पेन मातीत खुपसायचा नाही, काच फुटते. पेनचा खर्च नको असेल तर पीएच पेपरची छोटी वही घ्या, त्यात अर्ध्या आकड्याचा फरक कळतो आणि आपल्याला तेवढं पुरतं. फक्त १ ते १४ असा मोठा पट्टा असलेला पेपर घेऊ नका, त्यावर पाच आणि सहाचा रंग ओळखताना नवराबायकोत भांडण होतं.

पद्धत अशी: बॅगेत वरची दोन बोटं माती बाजूला सारून मधली माती घ्यायची, तीन-चार ठिकाणची, खडे-काड्या काढून मिसळायची. एक भाग मातीला अडीच भाग डिस्टिल्ड पाणी, आपल्याकडे लॅबमधे हेच प्रमाण धरतात. अर्धा तास अधूनमधून ढवळायचं, मग थोडं बसू द्यायचं आणि वरच्या पाण्यात मोजायचं. नळाचं पाणी वापरू नका, त्याचा स्वतःचा पीएच मधे येतो. डिस्टिल्ड पाणी बॅटरीच्या दुकानात मिळतं, पण मागताना डिस्टिल्ड वॉटर असंच म्हणा, नुसतं बॅटरीचं पाणी म्हटलं तर एखादा ॲसिडची बाटली हातात देतो. अगदीच नीट जाणून घ्यायचं असेल तर माती परीक्षणाच्या लॅबमधे किंवा कृषी विज्ञान केंद्रात नमुना द्या. शेतकऱ्यांना मृद आरोग्य पत्रिका मिळते तिच्यात १२ घटक असतात आणि पीएच त्यातलाच एक. आमच्या भागात दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ आहे, लाल मातीचं दुखणं तिथल्या लोकांना नवीन नाही.

तर आता पाकीट. ऑनलाइन मागवलेलं, एक किलोचं, पावणेदोनशेच्या घरात पडलं. ब्रँडचं नाव देत नाही कारण चार-पाच ब्रँडची पाकिटं फोटोत बघितली आणि सगळ्यांवर जवळपास तोच मजकूर आहे, फक्त टोमॅटोचा फोटो वेगळा. समोर मोठ्या अक्षरात शंभर टक्के ऑरगॅनिक. दगडाची भुकटी आहे हो ती, ऑरगॅनिक काय आणि इनऑरगॅनिक काय. मागे लिहिलंय आठवडाभरात फरक दिसेल, सगळ्या झाडांना चालते, दर कुंडीला एक ते दोन चमचे. हे तिन्ही मला पटलेलं नाही, का ते सांगते.

त्याआधी एक गंमत. एका पाकिटावर कॅल्शियम ४० टक्के आणि मॅग्नेशियम २० टक्के असं छापलेलं दिसलं. शुद्ध चुनखडीत, म्हणजे निव्वळ कॅल्शियम कार्बोनेटमधे, कॅल्शियम ४० टक्के असतं, त्याच्या वर जाताच येत नाही. डोलोमाइटमधे मॅग्नेशियम पण बसलेलं असतं म्हणून शुद्धातल्या शुद्ध डोलोमाइटमधे कॅल्शियम साधारण २१.७ आणि मॅग्नेशियम १३.२ टक्के. बाकीचा कार्बन आणि ऑक्सिजन. त्यामुळे ४० अधिक २० छापणाऱ्याने एकतर कार्बोनेटचे आकडे अर्धवट उचललेत किंवा काहीही टाकलंय. माझ्या पाकिटावर कॅल्शियम २० च्या पुढे आणि मॅग्नेशियम ११-१२ असं होतं, ते खरं वाटण्यासारखं आहे, म्हणून तेच घेतलं.

घरी आल्यावर व्हिनेगर टेस्ट केली. ही सगळ्यांनी करा, फुकट आहे. चमचाभर पावडरीवर व्हिनेगर टाकायचं, नाहीतर लिंबू पिळायचं. साधी चुनखडी असेल तर लगेच फसफसते. डोलोमाइट सावकाश, बारीक बुडबुडे येतात, व्हिनेगर थोडं कोमट केलं तर जास्त नीट दिसतं. अजिबात काहीच झालं नाही तर ते जिप्सम किंवा भलतंच काहीतरी असू शकतं. आणि जिप्समने पीएच वाढत नाही. हे मुद्दाम लिहिते कारण गार्डनिंगच्या दुकानात ॲसिडिक मातीला कॅल्शियम द्या म्हणून सर्रास जिप्सम गळ्यात मारतात. जिप्सम कॅल्शियम सल्फेट आहे, कॅल्शियम देतं, पण ॲसिड मारायचं काम कार्बोनेट करतं, नुसतं कॅल्शियम नाही. माझ्या पाकिटातली पावडर हळूहळू फसफसली, पास.

मग बारीकपणा, जो माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आणि पाकिटावर कुठेच नसतो. दगड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, मातीतल्या ॲसिडशी त्याच्या कणाच्या पृष्ठभागावरच काय ती भेट होते, त्यामुळे कण जितका बारीक तितकं काम लवकर. जाडसर कण वर्ष-दोन वर्षं तसेच पडून राहतात, डोलोमाइट तर चुनखडीपेक्षाही निवांत. ६० मेशच्या चाळणीतून खाली पडणारं, म्हणजे पाव मिलिमीटरपेक्षा बारीक हवं (मेश म्हणजे चाळणीच्या जाळीचा आकडा, जितका मोठा तितकी पावडर बारीक), १०० मेश मिळालं तर उत्तम. मी विक्रेत्याला विचारलं की किती मेश आहे, उत्तर आलं, मॅम आमचं प्रॉडक्ट हंड्रेड पर्सेंट नॅचरल आहे. बरं.

मेश मोजायची घरगुती युक्ती मला सासूबाईंमुळे कळली. कृषी सेवा केंद्रातून आणलेली सुटी डोलोमाइट आणि हे पाकीट, दोन्ही ओट्यावर होते, त्यांनी चिमटीत धरून सुट्याची रेघ ओढून बघितली आणि म्हणाल्या, ही रांगोळीला चांगली आहे, धार बरोबर पडते. पाकिटातलीची धार पडेना, ती मैद्यागत बोटांना चिकटून गठ्ठ्याने पडत होती. तर हीच टेस्ट. चिमटीतून रांगोळीसारखी सुटसुटीत धार पडली तर पावडर जाड आहे, बोटाला चिकटली तर आपल्या कामाची. सुटी मग मी मैद्याच्या चाळणीने चाळली, निम्म्याहून थोडी जास्त खाली पडली, वर राहिलेली फेकली नाही, नवीन मिक्स भरताना खाली घातली, करेल तिचं काम सावकाश. चाळताना नाकाला रुमाल बांधा, धूळ वाईट आहे.

आता डोस. दर कुंडीला एक ते दोन चमचे, हे वाक्य लिहिणाऱ्याने कुंडी बघितली आहे का? सहा इंची कुंडीत जेमतेम दोन लिटर माती मावते आणि बारा बाय बाराच्या ग्रो बॅगेत, वर दोन इंच सोडून, सतरा-अठरा लिटर. दोघांना सारखे दोन चमचे कसे चालतील? माझ्या चहाच्या चमच्यात सपाट भरून ६ ग्रॅमच्या आसपास पावडर बसते, किचनच्या काट्यावर मोजली. म्हणजे दोन चमचे १२ ग्रॅम, छोट्या कुंडीत लिटरला ६ ग्रॅम, जास्तच, आणि ग्रो बॅगेत लिटरला एक ग्रॅम पण नाही. तिथे लोकं म्हणतात घातलं पण काही उपयोग नाही झाला.

मी हिशोब लिटरवर ठेवला. आधीच झाड लावलेली आणि पीएच ५ ते ५.५ मधे असलेली माती असेल तर लिटरला २ ग्रॅम, म्हणजे मोठ्या ग्रो बॅगेला ३५ ग्रॅमच्या आसपास, सहा सपाट चमचे. नवीन लाल माती-कोकोपीट मिक्स बनवताना लिटरला ३ ग्रॅमपर्यंत, कारण तिथे सगळीकडे नीट मिसळता येतं. एकदम जास्त घालू नका, दोन महिन्यांनी परत मोजा आणि लागलं तर लिटरला एक ग्रॅम अजून. वाढवता कधीही येतं, घातलेलं काढता येत नाही. पीएच फार वर गेला तर गंधक घालून खाली आणता येतो पण त्याला मातीतले जिवाणू लागतात आणि महिने जातात, त्यापेक्षा माती बदललेली बरी. कुंडी किती लिटरची ते कळत नसेल तर माती भरतानाच लिटरच्या मगाने मोजून भरा, आणि कुंडीवर मार्करने लिहून ठेवा.

नुसतं वरून भुरभुरवून पाणी घातलं तर वरची दोन-तीन सेंटिमीटर माती सुधारते आणि खाली मुळं होती तशीच, कारण डोलोमाइट पाण्याबरोबर खाली फारसं जात नाही. मी खुरप्याने कडेकडेने, मुळं सांभाळून, चार-पाच बोटं खोल माती हलवली आणि शिवाय पेन्सिलीएवढ्या काठीने सात-आठ भोकं पाडून त्यात थोडी थोडी सोडली. मग भरपूर पाणी, आणि माती कायम ओलसर, कोरड्या मातीत ही रिॲक्शन होतच नाही. युरिया, डीएपी किंवा ताजं शेणखत त्याच दिवशी घालू नका, दोनेक आठवडे जाऊ द्या, अमोनियमवाल्या खताबरोबर चुन्याचा कुठलाही प्रकार गेला की थोडा नायट्रोजन अमोनिया होऊन उडतो आणि डीएपीमधला फॉस्फरस कॅल्शियमला जाऊन चिकटतो.

रिझल्ट? पहिल्या आठवड्यात शून्य. पाकीट काय वाट्टेल ते म्हणो. महिन्याने मोजलं तेव्हा ५.६, दोन महिन्यांनंतर ६.२ आणि तिथेच थांबलं. झाडांकडे बघून सांगायचं तर आधीची पिवळी पानं पिवळीच राहिली, ती काही परत हिरवी झाली नाहीत, पण नवीन पानं स्वच्छ आली आणि मिरचीला जी फुलगळ चालली होती ती बरीच कमी झाली. भेंडीचा तो सीझन गेलाच. टोमॅटोला नंतर बुडाशी काळे डाग पडायचे कमी झाले असं मला वाटतं, पण ते कॅल्शियमइतकंच पाणी वेळेवर दिलं की नाही यावर असतं, आणि त्याच काळात मी ड्रिप बसवलं होतं, म्हणून त्याचं श्रेय पावडरीला देत नाही.

बाकी घरगुती उपाय लोकं सांगतात त्यांच्याबद्दल पण लिहिते. अंड्याची टरफलं: जवळपास सगळं कॅल्शियम कार्बोनेटच आहे, म्हणून तत्त्वतः बरोबर, पण हाताने चुरून टाकलेलं टरफल दोन वर्षांनी उकरलं तरी तसंच सापडतं. मिक्सरला एकदम पीठ करत असाल तर चालेल, मग वास आणि मिक्सरचं भांडं तुमचं तुम्ही बघा. तिसऱ्यांची, शिंपल्यांची टरफलं पण तसंच, आमच्या किनाऱ्याला पूर्वी शिंपले भाजूनच चुना करायचे, पण न भाजता न दळता कुंडीत टाकलेली शिंपली ही फक्त शोभा.

चुलीची राख हा आपल्याकडचा जुना आणि खरंच चालणारा उपाय आहे. भाताच्या रोपवाटिकेत राब, म्हणजे शेण-पालापाचोळा, भाजतात त्याचा एक फायदा राखेचा पण असतोच, आणि परसातल्या माठ-पडवळाला राख फेकणारी आजी प्रत्येक घरात होती. राख लवकर काम करते, पोटॅश पण देते, पण तिची ताकद साधारण चुनखडीच्या निम्मी किंवा त्याहून कमी, लाकडावर अवलंबून, आणि क्षार भरपूर, त्यामुळे कुंडीत मूठमूठ टाकू नये. फक्त लाकडाची हवी, कोळशाची किंवा प्लास्टिक जाळलेल्या शेकोटीची नको.

पानाच्या डबीतला चुना किंवा रंगाचा विरवलेला चुना मात्र झाड लावलेल्या कुंडीत नको. तो कार्बोनेट नाही, हायड्रॉक्साइड आहे, वजनाला वजन चुनखडीपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने जास्त ताकदीचा आणि लगेच चढतो. चुन्याच्या निवळीचा पीएच १२ च्या वर असतो, कोवळ्या मुळांवर ती ओतली तर काय होईल सांगायला नको. रिकाम्या मातीत, लावणीच्या तीन-चार आठवडे आधी, थोड्या प्रमाणात, हातमोजे घालून, तेव्हा ठीक. ज्यांना घाई आहे तेच या वाटेला जातात आणि घाईत हात जड पडतो.

आता पुणेकरांसाठी, कारण माझी नणंद तिकडे असते आणि तिने माझ्याकडून ऐकून दोन पाकिटं कार्टमधे टाकली होती. तिच्या कढीपत्त्याची पानं पिवळी पडत होती, शिरा हिरव्या, लक्षण ऐकायला सेम. मी विचारलं, पानं कुठली, शेंड्याची की बुडाची? शेंड्याची, कोवळी. तिथेच उत्तर होतं. मॅग्नेशियम झाड जुन्या पानातून काढून नव्याला देतं म्हणून त्याची कमतरता खालच्या पानात आधी दिसते. लोह असं हलत नाही, म्हणून लोहाची कमतरता कोवळ्या पानात. आणि लोह कमी पडतं ते बहुतेक माती अल्कलाइन असल्यावर. काळी माती, वर सोसायटीच्या बोअरचं जड पाणी, त्या पाण्यातले बायकार्बोनेट रोज थोडा थोडा चुनाच घालत असतात म्हणा ना. तिने पेपरने मोजला तर आठच्या आसपास. तिथे डोलोमाइट घातलं असतं तर होतं तेवढं लोह पण बंद. घाटावर कढीपत्त्याला ताक घालायची जी पद्धत आहे तिच्यामागे हेच असावं, फरक थोडाच पडतो पण दिशा तरी बरोबर आहे. रत्नागिरीत बसून कुणी ताक ओतत असेल तर ते प्यावं.

सगळ्या झाडांना चालते हे पाकिटावरचं वाक्य पण खोडून काढा. अनंत, एक्झोरा, अझेलिया, ब्लूबेरी हौसेने आणली असेल तर ती, यांना ॲसिडिकच माती हवी, यांच्या कुंडीत ही पावडर टाकू नका. निळी हायड्रेंजिया असेल तर तीही नाही, ती निळी असते तीच ॲसिडिक मातीतल्या ॲल्युमिनियममुळे, पीएच वाढवलात की गुलाबी व्हायला लागेल. माझा अनंत ५.३ वर आहे आणि घरातलं सगळ्यात सुखी झाड तोच आहे.

कधी घालायची? आमच्याकडे दोन वेळा बऱ्या, एक एप्रिल-मेमधे रिकाम्या बॅगा परत भरताना, रोज शिंतोडा पाणी मारून ओलसर ठेवायची म्हणजे पावसाळी लागवडीपर्यंत मुरते, आणि दुसरी पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरमधे. ऐन जुलैत नको, रोज बॅग धुऊन निघत असताना मोजमापालाच अर्थ नाही. आणि दर वर्षी मोजूनच घालायची, मागच्या वर्षी घातली म्हणून यंदाही असं नाही.

पैशांचं बोलायचं तर पाकीट एक किलो, लिटरला २ ग्रॅमच्या हिशोबाने सत्तावीस-अठ्ठावीस मोठ्या ग्रो बॅगा होतात, म्हणजे बॅगेला साडेसहा रुपये, महाग अजिबात नाही. पण त्याच वस्तूची सुटी आमच्या बाजारातल्या कृषी सेवा केंद्रात किलोला वीस रुपयाला मिळाली. दुकानदाराने आधी विचारलं, ताई किती एकर? कुंड्या म्हटल्यावर हसला, पण दिली, आणि खरंतर पाकिटवाल्यापेक्षा जास्त माहिती त्याच्याकडे होती. म्हणाला, आमच्याकडून कोळंबीवाले नेतात तळ्यात टाकायला, नाहीतर नारळ-सुपारीवाले, ते गोणीच नेतात. पावडर किती बारीक आहे ते त्याने गोणीत हात घालून दाखवलं, आणि ताई, आत्ता टाकलीत तर मे महिन्यापर्यंत फरक बघायचा नाही, असं स्वतःहून सांगितलं. ऑनलाइनवाले असं बोलतील का?

तर रेटिंग. पाकिटातली डोलोमाइट: माल चार स्टार, बारीक आहे आणि जे आहे ते आहे. पाकिटावरचा मजकूर एक स्टार, तोही झिप नीट लागते म्हणून. पिवळा पेन साडेतीन, पुड्या संपल्या की वेगळ्या मागवाव्या लागतात हा त्रास. दोन दांड्यांचा मीटर शून्य. कृषी सेवा केंद्राची सुटी साडेचार, अर्धा चाळायच्या कटकटीचा कापला. दहा-बारा कुंड्या असतील तर पाकीटच घ्या, चाळायचा व्याप वाचतो. गच्ची भरलेली असेल तर सुटी घ्या आणि जाताना घरून घट्ट झाकणाचा डबा न्या, कारण तिथे वर्तमानपत्राच्या पुडीत बांधून देतात आणि ती पुडी स्कूटरच्या पायाशी हमखास फुटते.